खालून वर

१

सकाळी साडेदहा वाजले की प्रूफबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, लॅपटॉप उघडत आणि पडद्यावर फूटभर लांबीची लाकडी पट्टी आडवी धरत. पट्टी छापखान्यातली होती. छत्तीस वर्षं प्रूफं तपासून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी भाचीला देऊन टाकलं; पट्टी मात्र कुणाला न विचारता पिशवीत घालून आणली. चोरी म्हणा हवं तर. बाई तसं म्हणत नसत.

त्यांची वाचायची रीत जगाच्या उलटी होती. पान खालून वर वाचायचं. शेवटची ओळ आधी, पहिली शेवटी, आणि ओळीतला एकेक शब्द सुटा. वरून वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की मन पुढे पळतं आणि चूक मागे राहते, असं पहिल्याच आठवड्यात फोरमननी त्यांना बजावलं होतं. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की एकदा सख्ख्या काकांच्या निधनाची बातमी तपासून, तिच्यातल्या दोन चुका काढून त्या शांतपणे डबा खायला बसल्या. दुपारी घरून फोन आला तेव्हा कुठे रडू आलं. संध्याकाळी मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, विचारलं की काकांचं नाव तरी दिसलं असेल ना. दिसलं होतं, बाई म्हणाल्या; ते बरोबर छापलं होतं.

निवृत्तीनंतर बाई औषधांच्या बाटल्यांवरच्या नि दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढत हिंडू लागल्या. तेव्हा संगणकावर काम करणाऱ्या भाचीने त्यांना हे काम लावून दिलं. छोट्या वाचनालयांना पुस्तकांच्या नोंदी ठेवायला एक सॉफ्टवेअर होतं. जगभरच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात लिहिलेलं, कुणीही वापरावं आणि कुणीही सुधारावं असं. त्याची मराठी माहितीपुस्तिकाही अशीच दहा हातांनी लिहिलेली. या मंडळींना संगणकाची भाषा पाण्यासारखी येई, पण स्वतःची लिहिताना ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसे. बाईंनी चूक दुरुस्त करून पाठवायची, की पान पुस्तिकेत जाई आणि त्याच्यापुढे हिरवी खूण उमटे. एकही चूक शिल्लक असली तर पान आत घ्यायचं नाही, हा तिथला नियम होता. असा नियम करणाऱ्या माणसाचे पाय धरावेत, असं बाईंना वाटे.

अकरा वाजता मास्तर आतल्या खोलीत जरा आडवे होत. शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि गेल्या वर्षी हृदयाने एकदा दगा दिल्यापासून डॉक्टरांचा हुकूम होता की सकाळी विश्रांती हवी आणि मनाला धक्का नको. आत जाताना ते रोज म्हणत, "ये, पड जरा."

बाई पट्टीवरून नजर न काढता म्हणत, "एवढं पान होऊ दे."

पान होईपर्यंत बारा वाजत. मास्तर उठून चहा टाकत. एकूण दोघांचं उत्तम चाललं होतं.

२

पुस्तिकेची पानं कप्प्याकप्प्यांनी लावलेली होती. पुस्तकांची नोंद, सभासदांची नोंद, असे सात कप्पे. एका सोमवारी बाईंना आठवा कप्पा दिसला. नाव होतं 'इतर', आणि आत एकच पान.

पान उघडलं आणि बाईंना हर्ष झाला. इतक्या चुका त्यांनी गेल्या दहा वर्षांत एका जागी पाहिल्या नव्हत्या. जणू कुणी भाषा कानांनीच शिकलं होतं, तीही भिंतीपलीकडून, आणि आता पहिल्यांदाच हातात लेखणी धरली होती. लिहिणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. लाजत असेल बिचारा, असं म्हणून बाईंनी पट्टी सरकवायला सुरुवात केली आणि बारापर्यंत पान धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यात दुसरं पान आलं होतं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी एक चांगलं काम केलं, निदान बाईंना तसं वाटलं. त्यांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं. खाली रस्त्याला लागून दार, मग लाकडी जिना, मग घर. जिन्याची पाचवी पायरी इतकी वाजे की वर येणारा माणूस दार वाजवायच्या आधीच कळे. ती दुरुस्त करतो, असं मास्तर सहा वर्षं सांगत होते. बुधवारी भाजी घेऊन येताना बाईंनी पाचव्या पायरीवर पाय दिला आणि ती गप्प राहिली. त्यांनी मुद्दाम खाली येऊन पुन्हा पाय दिला. पायरी शहाण्या मुलीसारखी वागली.

"अखेर मुहूर्त लागला म्हणायचा," त्या वर येऊन म्हणाल्या. "छान झालीय पायरी."

मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं, बायकोकडे पाहिलं आणि किंचित हसले. सहा वर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाच्या पदरात कौतुक पडलं, तर तो कशाला चौकशी करत बसेल?

३

पुढचे दिवस घराला कुणाचा तरी हात लागल्यासारखे गेले. ओढल्याशिवाय न उघडणारं खालचं दार बोटाने उघडू लागलं. वरच्या दाराची खडखडणारी कडी मऊ पडली. स्वयंपाकघरासमोरची फरशी पाय पडला की डुगडुगायची, ती बसली. आतल्या खोलीच्या बिजागरीची कुरकुर थांबली. शेवटी तर त्यांचा लग्नातला पलंग, कूस बदलली की साऱ्या घराला कळवणारा, तोही मुका झाला.

बाई मनात म्हणाल्या, आजारपणाने माणसाला सुबुद्धी दिली. बोलून दाखवलं तर काम थांबेल, म्हणून त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मास्तर मनात काय म्हणत होते ते नंतर कळलं.

'इतर'मध्ये तोवर सात-आठ पानं येऊन गेली. येईल ते पान बाई खालून वर साफ करत, हिरवी खूण उमटे आणि एक-दोन दिवसांत पुढचं येई. लिहिणारा सुधारतही होता. आधीच्या पानातली चूक पुढच्या पानात होत नसे. बाईंना त्याचं फार कौतुक वाटू लागलं. छापखान्यात छत्तीस वर्षांत एकाही लेखकाने त्यांच्याकडून काही शिकून घेतलं नव्हतं.

रविवारी भाचीचा फोन आला तेव्हा त्यांनी या गुणी लेखकाचा विषय काढला. भाचीने विचारलं, कुठला कप्पा? तिच्याकडे सातच कप्पे दिसत होते. तिने पुन्हा मोजले. मग म्हणाली की मावशीच्या यंत्रात काहीतरी जुनं अडकून बसलं असेल, पुढच्या महिन्यात आले की बघते. आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर चार दिवस पडद्यासमोर बसायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय, मी नव्हे. हवं तर लॅपटॉपला वाचून दाखवायला लाव, कुठलं बटण दाबायचं ते सांगते.

बाईंनी कागदावर बटण लिहून घेतलं. कप्प्याचं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं.

४

मोतीबिंदू निघाला, डोळ्यावर हिरवी झापड आली, दिवसातून सहा वेळा थेंब. थेंब घातले की पंधरा मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं. पहिल्या दिवशी बाईंना ते बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी हात शिवशिवू लागले. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी 'इतर'मधलं नववं पान घेतलं होतं. त्यात चूक अशी एकच उरली होती, आणि तीही दिसली होती. दुरुस्त करणार तोच रुग्णालयात निघायची वेळ झाली. ती एक चूक त्यांना दातात अडकलेल्या तंतूसारखी छळत होती.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मास्तर आत झोपले. बाईंनी थेंब घातले, खुर्चीत डोळे मिटले आणि चाचपडत भाचीने सांगितलेलं बटण दाबलं. उगाच, आपलं पान कसं ऐकू येतं ते बघावं म्हणून.

यंत्राचा आवाज बायकी होता, सपाट आणि सभ्य. त्याने पान वरून वाचायला घेतलं. त्याला दुसरी रीत माहीतच नव्हती.

"मुक्काम," आवाज म्हणाला. "आधीची आठ पाने पूर्ण झाली असतील तरच पुढे जावे. खालचे दार आता अडत नाही. पाचवी पायरी वाजत नाही. वरची कडी खडखडत नाही. फरशी डुगडुगत नाही."

बाईंना आधी हसू आलं. कुणाचं तरी घर दिसतंय आपल्यासारखंच, असं त्यांच्या मनात आलं.

"खिडकीपाशी बसणारी बाई साडेदहा ते बारा मान वर करत नाही. आतल्या खोलीत अकरा वाजता एक जण झोपतो. दार कुरकुरत नाही. पलंग करकरत नाही. पलंगाची भिंतीकडची बाजू रिकामी असते. तो रोज बोलावतो. तिथे,"

आणि आवाज अडखळला. पुढच्या शब्दात ती राहिलेली चूक होती. यंत्राला तो शब्द म्हणता येईना. त्याने एक अक्षर म्हटलं, मग तेच पुन्हा, मग तिसऱ्यांदा, दारावर बोटाने टकटक करावी तसं. मग थांबला.

बाईंनी डोळे उघडले. थेंबांमुळे सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. खुर्ची, टेबल, जिन्याकडचं दार. दार बंद होतं. ते उघडलं असतं तरी आवाज झाला नसता, हे त्यांना तेव्हाच कळलं.

५

चहा पिताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पायरी तुम्हीच दुरुस्त केलीत ना?"

मास्तर थोडे ओशाळले. मग कबूल झाले की नाही. बाईंनी सुतार बोलावला असेल आणि आपलं मन राखायला श्रेय आपल्याला देत असतील, असं त्यांना वाटलं होतं. दारं, कडी, पलंग, सगळंच त्यांनी बाईंच्या खात्यावर टाकलं होतं. "मला वाटलं, मी झोपलो की तू गुपचूप काम उरकून घेतेस," ते म्हणाले, आणि आपल्या बावळटपणावर खोखो हसले. बाईही हसल्या. हसता हसता त्यांनी जिन्याकडच्या दाराकडे पाहिलं.

सांगायचं नाही, हे तिथेच ठरलं. मनाला धक्का नको.

त्या रीतसर विचार करणाऱ्या बाई होत्या. कुणीतरी चेष्टा करतंय, हे त्यांनी आधी धरून पाहिलं. घर पाहून गेलेला एखादा माणूस, पाणीवाला, वीजवाला. पण चेष्टा करणारा माणूस दुसऱ्याच्या बिजागऱ्यांना तेल कशाला घालेल? लाकूड हवामानाने फुगतं आणि बसतं, हेही धरून पाहिलं. ते पायरीला लागू पडलं, कडीला लागू पडेना. झापड निघाल्यावर त्यांनी आधीची आठ पानं शोधली, एकदा तरी वरून वाचावीत म्हणून. ती उघडेनात. 'इतर'मध्ये नववं तेवढं होतं. भाचीला फोन केला तर तिच्याकडे अजून सातच कप्पे होते. दिसतच नाही ते ती काढून कसं टाकणार?

आठ पानं आपण आपल्या हातांनी पुरी केली, हे बाईंना सगळ्यात लागलं. एकेक शब्द पाहिला, आणि एकही वाचला नाही. काकांच्या वेळी निदान काका आधीच गेलेले होते.

पण घाबरून घर चालत नाही. बाईंनी नियम आठवला. एकही चूक शिल्लक असली तर पान आत घ्यायचं नाही. नवव्या पानात एक चूक होती. ती तशीच ठेवायची. आयुष्यात पहिल्यांदाच त्या एखादी चूक बघून पुढे जाणार होत्या. त्या दिवशी त्यांनी ती वीस वेळा पाहिली, आणि वीसही वेळा हात मांडीखाली धरून बसल्या.

६

आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मास्तर म्हणाले, "ये, पड जरा," तेव्हा बाईंनी लॅपटॉप मिटला आणि त्या उठल्या.

मास्तर दारातच थांबले. तब्येत बरी आहे ना, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या की उत्तम आहे, सरका. त्या भिंतीकडच्या बाजूला पडल्या, पाय लांब केले, आणि ती बाजू भरली.

मग हे रोजचंच झालं. सुरुवातीला बाई दाराकडे डोळे लावून पडत. पण माणूस किती दिवस दाराकडे बघेल? शेजारी मास्तर शाळेतल्या गमती सांगत. नकाशावर समुद्र पिवळा रंगवणारा मुलगा, त्याने दिलेलं उत्तर की समुद्रावर ऊन पडलंय. सदतीस वर्षांच्या संसारात या गोष्टी बाईंच्या कानावर नक्कीच पडल्या असणार, पण ऐकल्या आत्ता. त्यांचे पाय कायम गार असत, ते मास्तरांच्या पायांवर ठेवले की मास्तर हाय हाय करत आणि पाय काही बाजूला घेत नसत. ते दिवस फार सुखाचे गेले. बाईंना कधी वाटे की सकाळची एवढी वर्षं आपण कुणाच्या तरी ओळींवर पट्टी ठेवण्यात घालवली, आणि इथे हा माणूस रोज जागा धरून ठेवत होता.

पुस्तिकेचं काम त्या दुपारी करू लागल्या. आता त्या प्रत्येक पान आधी वरून खाली वाचत, मग खालून वर. वेळ दुप्पट लागे. दिवस संपायच्या आधी एकदा 'इतर' उघडून ती चूक जागेवर आहे ना ते बघत, दाराला लावलेला अडसर बघावा तशी, आणि मिटून टाकत.

मास्तरांनी हे पाहिलं होतं. बायकोला वाटतं नवऱ्याचं लक्ष नसतं, पण हा नवरा छत्तीस वर्षं मागच्या बाकावर काय चाललंय ते फळ्याकडे तोंड करून ओळखत आलेला होता. तेच एक पान रोज उघडतं. एका ओळीवर तिची नजर थांबते, हात पुढे येतो, मागे जातो, मग पान मिटतं. आपल्याबरोबर पडायला येते म्हणून तिचं काम अर्धवट राहतंय, असा त्यांनी सरळ अर्थ लावला. एकदा त्यांनी विचारलंही की ते पान राहिलंय का. बाई घाईने म्हणाल्या, "राहू दे. त्याला हात लावू नका." मास्तरांना वाईट वाटलं. बायको एवढं सोडून देते आपल्यासाठी, असं त्यांना वाटलं.

७

महिनाभराने बाईंना डोळा दाखवायला बोलावलं. साडेनवाची वेळ होती, दहापर्यंत परत येणार होत्या. डॉक्टरच उशिरा आले. बाई बाकावर बसून घड्याळ पाहत राहिल्या. अकराला पाच कमी असताना त्यांनी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मास्तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून विसरतात, हे त्यांना माहीत होतं. अकरा वाजले तेव्हा त्या नंबर सोडून उठल्या.

रस्ता दहा मिनिटांचा, त्यांनी सहा मिनिटांत काटला. वाटेत स्वतःला समजावत होत्या. चूक जागेवर आहे. काल संध्याकाळीच पाहिली. आत यायला त्याला वाट नाही.

खालचं दार बोटाने उघडलं. जिना चढताना पाचव्या पायरीवर त्यांनी मुद्दाम जोरात पाय आपटला. तिने काही ऐकू दिलं नाही. वरची कडी मऊ सरकली.

बाहेरच्या खोलीत ऊन पडलं होतं. सगळं आवरलेलं होतं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, त्याच्यावर पट्टी आडवी, आणि पट्टीखाली मास्तरांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी.

"तुझं अडून राहिलेलं पान मी पुरं केलं. रागावू नकोस. तुझ्यासारखंच खालून वर बघितलं, एकेक शब्द सुटा. अर्थाच्या भानगडीत पडलोच नाही. एकच चूक होती. आलीस की निवांत पड. वाट बघतो."

बाईंनी पट्टी उचलली. नवव्या पानापुढे हिरवी खूण होती.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथून पलंगाचा पायथा तेवढा दिसत होता, आणि चादरीखाली मास्तरांचे पाय. बाईंना हाक मारायची होती. तेवढ्यात आतून मास्तरच बोलले. अर्ध्या झोपेतला आवाज, पण समाधानाचा.

"आलीस? बरं झालं. ये, पड."

पलंग करकरला नाही. भिंतीकडची चादर हळूहळू वर उचलली गेली आणि मास्तरांच्या पायांशेजारी पुन्हा खाली बसली.

"अगं, काय हे," मास्तर लाडाने म्हणाले. "आज किती गार आहेत तुझे पाय. दे इकडे."

बाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांच्या पायांत अजून बाहेरच्या चपला होत्या.